लाथ मारणाऱ्याचा डावा गुडघा

त्या वर्षी माझा नातू नदीपलीकडच्या युनिव्हर्सिटीत फुटबॉलच्या टीममध्ये लाथ मारायचं काम करत होता. काम म्हणते, कारण त्याच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. तिकडचा फुटबॉल लांबुळका चेंडू हातात धरून पळायचा. बाकीची रेड्यासारखी पोरं एकमेकांवर आदळायची, पडायची, उठायची. हा कडेला उभा असायचा. बोलावलं की आत जायचा, एक लाथ मारायचा आणि बाहेर यायचा.

आम्ही बफलोला राहत होतो. मुलगा तिथल्या एका हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर, सून बँकेत. नवरा गेल्यावर मुलाने मला मिरजेहून आणलं ते एक्याऐंशी साली, आणि ही हकीकत त्यानंतर पाच वर्षांनी घडलेली. बफलोहून पूल ओलांडला की कॅनडा. नातू जन्मला तेव्हा मुलगा तिकडे नोकरीला होता, म्हणून नातवाला तिकडच्या नागरिकत्वाचा कागद मिळालेला होता. तिकडे शिकायला जाण्याचं ते एक कारण. दुसरं म्हणजे इकडच्या कुठल्याच टीमने त्याला घेतलं नव्हतं. मुलगा महाराष्ट्र मंडळात फक्त पहिलं कारण सांगायचा.

मुलगा टीव्हीवर इकडचा खेळ बघायचा, त्यात पुढे सरकायला चार संधी असतात. तिकडे तीनच. तीन वेळांत दहा यार्ड झाले नाहीत तर चेंडू दुसऱ्यांना जातो. म्हणून तिसऱ्या वेळी कोणी धोका घेत नाही, लाथ मारणाऱ्याला बोलावतात आणि चेंडू जमेल तितका लांब घालवतात. एक संधी कमी म्हणजे लाथ मारणाऱ्याला काम जास्त. एका सामन्यात आठ-दहा वेळा तरी त्याला आत जावं लागायचं. हे सगळं नातवाने मला जेवणाच्या टेबलावर चमचे आणि वाट्या मांडून समजावलं होतं. मी चौथी शिकलेली. पण खेळ समजायला चौथी पुरते.

बापाने त्याला परवानगी देताना अट घातली होती. हाड, सांधा, काहीही दुखावलं, की त्या दिवशी खेळ बंद आणि पुस्तकं सुरू. हे त्याने पोराकडून माझ्यासमोर वदवून घेतलं होतं.

सामने शनिवारी दुपारी. सगळे मिळून सात. मुलाला बहुतेक शनिवारी ड्यूटी असायची, म्हणून सून गाडी चालवायची आणि मी शेजारी. पहिल्याच शनिवारी पुलावरच्या नाक्यावर अधिकाऱ्याने वाकून आत पाहिलं. माझं नऊवारी, त्यावर मुलाचा जुना कोट, पायात बूट. कुठे चाललात म्हणून त्याने विचारलं.

“फुटबॉल मॅचला,” सून म्हणाली.

“या पण?”

“यांच्यामुळेच,” सून म्हणाली. तिला खरं तर घरी झोपायचं होतं.

शनिवारची दुसरी अडचण म्हणजे मंडळ. इकडे सगळे नोकरीवाले, त्यामुळे गणपती कुठल्याही वारी येवोत, मंडळाची आरती शनिवारीच. दसरा शनिवारी, कोजागिरी शनिवारी. त्या वर्षी मी एकालाही गेले नाही. गणपतीच्या आरतीच्या आदल्या दिवशी मंडळातल्या एकीचा फोन आला.

“मावशी, बाप्पा इकडे आणि तुम्ही तिकडे मॅचला? मोदक कोणी वळायचे?”

“तू वळ. नसतील येत तर लाडू कर.”

“बघा हं, बाप्पा रागावतील.”

“त्याला पुढचा शनिवार द्या, तुमचा आहेच रिवाज,” मी म्हटलं. ती हसली, पण नंतर तिने मला मोदकांसाठी फोन केला नाही.

तिसरा सामना पावसात झाला. मैदानात चिखल. नातवाने लाथ मारली, चेंडू गेला, आणि समोरून आलेलं एक पोरगं घसरत येऊन त्याच्या डाव्या पायावर पडलं. पंचाने फडकं टाकलं, त्या टीमला शिक्षा झाली. नातू उठला, पाय झाडला, पुढच्या वेळी परत आत गेला. सून म्हणाली, “लागलं नाही वाटतं.” मीही तेच म्हटलं.

रविवारी तो बस धरून घरी आला. कपडे धुवायला यायचा, जेवायला यायचा. मी खाली तळघरात माझ्या खोलीत बसले होते. तो कपड्यांची पिशवी घेऊन जिना उतरत होता.

“डावा आधी टाकतोस आणि उजवा त्याच्याशेजारी आणतोस,” मी म्हटलं.

“काय?”

“जिना असा म्हातारे उतरतात.”

“आय ॲम जस्ट टायर्ड, आजी.”

“दमलेला माणूस दोन्ही पायांनी दमतो. पॅन्ट वर कर.”

त्याने आधी वरच्या दाराकडे पाहिलं, मग पॅन्ट वर केली. गुडघा सुजलेला, हाताला गरम. वाटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे भरून गेले होते.

आता माझं सांगते. मिरजेत बावीस वर्षं मी बाळ-बाळंतिणींना तेल लावून न्हाऊ घालायचं काम केलं. सकाळी पाच घरं. पोराचं शिक्षण त्यातून झालं, नवऱ्याच्या पगारातून झालं नाही. कोणत्या बाळाचा खुबा सरकलेला आहे, कोणत्या बाईची कंबर भरली आहे, हे माझ्या बोटांना कळायचं. लोक डॉक्टरआधी मला दाखवायचे.

मी नातवाचा गुडघा चाचपला, वाकवला, सरळ केला. “लचक आहे,” मी म्हटलं.

“बाबांना सांगशील?”

“तुझ्या कोचला माहीत आहे?”

“नाही. कळलं तर बसवतील. मागे एक फर्स्ट इयरचा किकर उभाच आहे. तो एकदा आत गेला ना, की मी संपलो. प्लीज, आजी. अजून चारच गेम्स आहेत.”

“किती दुखतं?”

“लाथ उजव्याने मारायची असते.”

“आणि उभं कशावर राहायचं असतं?”

त्याने पॅन्ट खाली केली.

मी तेव्हाच जिना चढून मुलाला सांगायला हवं होतं. मला नातवाची दया आली असं कोणी समजू नये. मला वाटलं, हे मला येतं. त्या घरात पाच वर्षांत मला येणारं काही कोणी मागितलं नव्हतं. ओव्हन, कपड्यांचं मशीन, निरोप टिपून घेणारा फोन, सगळं मला दुसऱ्यांनी शिकवायचं, आणि मी विसरले की परत शिकवायचं. आणि आज एक सुजलेला गुडघा माझ्याकडे आला होता. मी त्याला म्हटलं, “दर रविवारी यायचं. मी नीट करते. बापाला सांगत नाही.”

तिळाच्या तेलात लसूण आणि ओवा घालून मी ते कढवलं. तव्यावर मीठ तापवून फडक्यात बांधलं आणि शेक दिला. वास वरपर्यंत गेला. सून दारातून डोकावली.

“आई, काय चाललंय?”

“माझे गुडघे धरलेत.”

ती गेली आणि तिने नवऱ्याला सांगितलं. मुलगा संध्याकाळी खाली आला, माझे गुडघे त्याने दाबून पाहिले, आणि दुखणं थांबायच्या गोळ्या आणून दिल्या. दिवसातून दोन, जेवणानंतर, असं सांगून गेला. त्या गोळ्या मी नातवाला दिल्या. डॉक्टरने दिलेल्या गोळ्या, घरच्याच माणसाला, मला त्यात काही वावगं दिसलं नाही. बाटली संपली की मी गुडघे धरून बसायचे आणि मुलगा दुसरी आणायचा.

चौथ्या सामन्यात नातू बरा खेळला. पाचव्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला दोन्हीकडे गुण सारखे होते. त्याने दोन खांबांमधून मारायचं ते बाहेरून गेलं. मी म्हटलं, संपलं. पण तिकडच्या नियमात चेंडू खांबांमागची जागा ओलांडून पार बाहेर गेला तर चुकलेल्या लाथेलाही एक गुण मिळतो. चेंडू इतका लांब गेला होता की मिळाला. एका गुणाने जिंकले. पोरांनी त्याला उचलून घेतलं, आणि मी खांद्यावरचा त्याचा डावा पाय बघत होते. नातू तो सरळ करत नव्हता.

“सूज उतरलीय,” मी रविवारी म्हटलं.

“हो. मस्त आहे.”

उतरली होती हे खरं. पण मांडी बारीक झाली होती. उजव्या मांडीला माझे दोन्ही हात पुरायचे नाहीत, डावीला पुरले. ते मी पाहिलं, आणि चालायचं कमी झालंय म्हणून असेल असं स्वतःला सांगितलं. मिरजेत एखाद्या बाईने मला असं सांगितलं असतं तर मी तिला वेड्यात काढलं असतं.

सहावा सामना हरले. सातवा उरला. तो जिंकला तर पुढच्या फेरीत जायचं, नाही तर घरी बसायचं. त्या रविवारी नातू आला तो जिन्याच्या कठड्याला धरून. म्हणाला, काल मैदानात वळताना गुडघा आतून निसटल्यासारखा झाला, मग परत बसला. मी त्याला खाटेवर निजवलं, पाय वाकवून पाऊल खाटेवर टेकवलं, आणि पोटरीच्या वरच्या बाजूला दोन्ही हात घालून आपल्याकडे ओढलं. खालचं हाड पुढे आलं. परत ढकललं तर मागे गेलं. कपाटाचा खण ओढावा तसं. उजव्या पायाला केलं तर काही हललं नाही.

मी हात पुसले.

“काय झालं?” तो म्हणाला.

“ही लचक नाही.”

“मग?”

“मला माहीत नाही. आत काहीतरी तुटलंय. शनिवारी खेळायचं नाही.”

“आजी, शनिवारचीच तर गेम आहे. नंतर मी सहा महिने झोपून राहीन. तू म्हणशील ते करीन.”

“मी आता तुझ्या बापाकडे जाते.”

“तू प्रॉमिस केलं होतंस.”

“केलं होतं. आता मोडते.”

तो इंग्रजीत काहीतरी बोलला. ते मला समजलं नाही, पण कोणाला उद्देशून होतं ते समजलं. मी जिना चढले. मुलगा टीव्हीसमोर बसला होता, त्याचा तो चार संधींचा खेळ चालू होता. मी तो बंद केला आणि सगळं सांगितलं. तिसऱ्या सामन्यापासून. तेल, शेक, गोळ्या.

गोळ्यांपाशी तो उठून उभा राहिला.

“मी तुला दिलेल्या?”

“हो.”

“तीन आठवडे? आई, दुखणं कशासाठी असतं? पाय जमिनीवर टाकू नको हे सांगायला असतं. ते तू बंद केलंस आणि त्याला मैदानात पाठवलंस.”

“हो.”

“हो काय, हो?”

“मग काय म्हणू? केलं ते केलं.”

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, “आणि मी सगळ्या मॅचेसना यांना घेऊन जात होते. माझ्या शेजारी बसून बघत होत्या.” ती माझ्याशी बोलत नव्हती, भिंतीशी बोलत होती. त्या संध्याकाळी कोणीच नीट जेवलं नाही.

मंगळवारी मुलगा नातवाला त्याच्या हॉस्पिटलातल्या हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. मला म्हणाला, तूही चल, काय काय केलंस ते त्याला कळायला हवं. मला ती शिक्षा वाटली, आणि असावीही. हाडांचा डॉक्टर उंच, टक्कल पडलेला. त्याने नातवाला निजवून तेच केलं जे मी केलं होतं, पाय वाकवून खालचं हाड ओढलं. मग त्याने विचारलं, आतापर्यंत उपचार कोण करत होतं. मुलाने माझ्याकडे बोट केलं. तो काय सांगतो याकडे मी लक्ष देऊन होते, कारण इतक्या वर्षांत मंडळात कोणी विचारलं की तो सांगायचा, आई घरीच असायची. या वेळी त्याने बराच वेळ सांगितलं. हातांनी चोळल्यासारखं करूनही दाखवलं.

डॉक्टरने माझ्याकडे वळून विचारलं, तुम्हाला काय लागलं हाताला? मुलाने मराठीत सांगितलं. मी त्याच्या टेबलाचा खण ओढून दाखवला आणि परत ढकलला. त्याने मान हलवली.

“बरोबर आहे म्हणतोय,” मुलगा म्हणाला. “हाडांना बांधणारी आतली दोरी पूर्ण तुटली आहे. मधली गादीही फाटली आहे.”

“कधी?”

मुलाने विचारून मला सांगितलं. “सप्टेंबरात दोरी थोडी फाटली असावी. तेव्हाच पाय बांधून ठेवला असता तर कदाचित भागलं असतं. पुढचं सगळं नुकसान खेळत राहिल्यामुळे झालंय. आणि सूज असताना शेक देत नाहीत, बर्फ देतात.”

“आता?”

“ऑपरेशन. पुढच्या सोमवारी. तोवर पट्टा आणि कुबड्या, मग प्लॅस्टर.”

“परत खेळेल?”

हे मुलाने विचारलं नाही. नातवानेच विचारलं, खाटेवरून. डॉक्टरने खांदे उडवले नाहीत की खोटं हसला नाही. म्हणाला, चालशील, जिने चढशील, पळशीलही. पण त्या पायावर उभा राहून सामन्यात लाथ मारशील असं मी सांगणार नाही.

घरी आल्यावर नातवाने कोचला फोन केला. दोन मिनिटांचाच फोन. मग तो आपल्या खोलीत गेला आणि चार दिवस त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी ताट ठेवायचे, तो आईला म्हणायचा, “टेल हर आय ॲम नॉट हंग्री.” मी म्हणायचे, “त्याला सांग, कळलं मला.” आणि ताट उचलायचे.

शनिवारी तो म्हणाला, मला मॅचला जायचंय. सून म्हणाली, मी नेते. मी विचारलं नाही, कोट घातला आणि गाडीत जाऊन बसले. कुबड्या माझ्या पायांशी ठेवल्या. तो मागे आडवा पाय टाकून बसला.

त्याला टीमबरोबर बसायला बोलावलं होतं, पण तो आमच्याजवळ बाकावर बसला. थंडी बरीच होती. त्याच्या जागी ते पहिल्या वर्षाचं पोरगं होतं, किडकिडीत, कपडे अंगाला मोठे. लांब घालवायच्या लाथा त्याने बऱ्या मारल्या. प्रत्येक वेळी ते आत गेलं की नातू पुढे वाकायचा आणि ओठांत पुटपुटायचा. पाऊल, पाऊल, आता. सून त्याच्याकडे बघत होती, मी मैदानाकडे.

शेवटी दोन गुण कमी होते आणि काही सेकंदच राहिले होते. खांबांमधून गेला तर तीन. अंतर फार नव्हतं. नातवाने ते झोपेत मारलं असतं. त्या पोराने मारलं, चेंडू खांबाला लागला आणि परत मैदानात पडला. खांबाला लागला की काहीच मिळत नाही. सामना संपला, आणि त्या वर्षाचा खेळही संपला.

लोक उठायला लागले. ते पोरगं मैदानातच गुडघ्यावर बसलं होतं आणि कोणी त्याच्याजवळ जात नव्हतं. नातवाने कुबड्या मागितल्या. सून नको म्हणत होती तरी तो उतरला, ओल्या गवतातून सावकाश त्याच्यापर्यंत गेला आणि काहीतरी बोलला. पोराने डोळे पुसले आणि मान हलवली. नातू तसाच परत आला. यायला त्याला खूप वेळ लागला.

“काय सांगितलंस?” सुनेने विचारलं.

“मारताना त्याने मान वर केली. बॉल कुठे जातो ते बघायला. म्हणून तिरकी गेली.”

“अरे, आज सांगायचं का ते? बिचारा रडत होता.”

“मग कधी सांगायचं?” तो म्हणाला.

गाडी वळसा घेऊन मोठ्या रस्त्याला लागली. या वेळी मी मागे बसले होते, कारण कुबड्या पुढच्या सीटवर ठेवल्या होत्या. अर्धा तास गेला असेल. तो खिडकीकडे तोंड करून बोलला, चार दिवसांनी पहिल्यांदा, आणि मराठीत.

“तू सांगितलंस म्हणून मी चिडलो नाहीये.”

“मग?”

“तू पहिल्या रविवारी का नाही सांगितलंस?”

“तूच सांगू नको म्हणालास.”

“मी म्हणणारच. मला खेळायचं होतं. तू कशाला ऐकलंस?”

सुनेने आरशातून मागे पाहिलं. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते गुडघ्याबद्दल नव्हतं, माझ्याबद्दल होतं, आणि ते त्याच्या कामाचं नव्हतं.

“चुकलं माझं,” मी म्हटलं.

काही वेळाने त्याने पाय हलवायचा प्रयत्न केला. मागची सीट लांडी होती आणि पट्टा बांधलेला पाय वाकत नव्हता. त्याने तो दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

“चोळू नको,” तो म्हणाला.

पूल आला. त्या पुलावर जोड आहेत, प्रत्येक जोडावर गाडी उडते. मी टाचेखाली एक हात आणि पोटरीखाली दुसरा घातला, आणि पूल उतरेपर्यंत पाय नुसता धरून ठेवला.